सुटलेली जागा

संकेश्वरात बसस्टँडच्या मागे, बेकरीच्या माडीवर
चौगुले बाईंची टायपिंग इन्स्टिट्यूट.
पाटी तीन लिप्यांत,
तिन्हींत एकेक अक्षर गळालेलं.

साखर कारखान्यानं भंगारात काढलेले पाच संगणक
इराण्णानं टेम्पोतून आणले. म्हणाला,
विंडोज ह्यांना झेपत नाही, लिनक्स घालूया,
फुकट आहे, उघडं आहे.
उघडं म्हणजे?
म्हणजे झाकण काढून आत बघता येतंय,
तुमच्या रेमिंग्टनसारखं.
बाईंना तेवढं पुरलं.

पडद्यानं पहिल्यांदा विचारलं, भाषा निवडा.
खोलीत कुणीच बोललं नाही.
आमच्याकडं हा प्रश्न इतका साधा नसतो.
रेवण्णा खिडकीबाहेर बघत राहिला, मी पंख्याकडं,
शेवटी तौफिकनं मुकाट्यानं इंग्रजीवर टिचकी मारली
आणि बेकरीतून सगळ्यांना खारी आणली.

मग वर्षभर माऊस.
बाजारात भाषा येत नसली की
माणूस वांग्याकडं बोट दाखवतो,
दुकानदार वांगं देतो, भांडण नाही.
तसंच ते. बोट दाखवायचं, घ्यायचं.
रंगीत खिडक्या, कोपऱ्यात कचऱ्याचा डबा,
डब्यातनं परत काढायचीसुद्धा सोय.

एका सोमवारी चित्रच आलं नाही.
काळा पडदा,
वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ
उघडझाप करत.
होय्तु, म्हणाला रेवण्णा. गेला.

बाई उठल्या, चष्मा पुसला.
मरायला काय झालंय त्याला?
विचारायलाय की काहीतरी. उत्तर द्या.
आणि बसल्या, पाठ ताठ, मनगटं अधांतरी,
चाळीस वर्षं बसत आल्या तशा.
हुक्केरीहून इराण्णा फोनवर एकेक अक्षर सांगत होता,
बाईंची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर,
बोटं खाली आपलं आपण चाललेली.
एकदा त्यानं चुकीचं सांगितलं,
पडद्यानं तोंडावर सांगितलं, असलं काही नाही.
बाई खूष. लपवत नाही बघ, म्हणाल्या.

त्या दिवसापासून मला वेड लागलं.
नाव घेऊन मागायचं, तेवढंच मिळायचं.
शंभर फायलींची नावं एका ओळीत बदलायची
आणि माऊसवाल्यांकडं जरा वरून बघायचं.
मी बघितलं. खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात
जुन्या याद्या पुसायला बसलो.
आरएम, मग ओल्ड, त्याला चिकटून तारका,
एवढंच लिहायचं होतं.
ओल्ड आणि तारका यांच्यामध्ये
एक जागा सुटली.
तारका म्हणजे सगळं, हे मला पाठ होतं.
त्या ओळीनं नक्की का असं विचारलं नाही.
रेघ पुन्हा उघडझाप करू लागली, मघासारखीच.

तीन वर्षांची नावं, फिया, निकाल.
बाईंना सांगताना मी उभाच होतो.
त्यांनी पडदा बघितला, ओळ दोनदा वाचली,
जिथं सुटली होती तिथं नख ठेवलं.
जागा हे पण अक्षरच असतंय, म्हणाल्या,
मशीनवर मी ते मोजत होते, तुम्ही हसत होता.

मग लोखंडी कपाट उघडलं.
आत प्रत्येक यादीची कार्बन कॉपी,
निळी, पुसट, वासाची.
तीन रात्री आम्ही चौघं परत टाईप करत होतो,
इराण्णा मध्येमध्ये मला बघून हसायचा,
रेवण्णा हसलाही नाही, ते जास्त लागलं.

आता लग्नपत्रिका मी माऊसनंच लावतो.
गणपती दोन बोटं डावीकडं, हे
ओळीत कसं लिहिणार?
पुसायचं असलं तरी कधीकधी माऊसच,
तो दोनदा विचारतो, बरं वाटतं.
बाकी काम काळ्या पडद्यावर.
तो तुम्हाला शहाणं धरून चालतो,
हा त्याचा मोठेपणा,
आणि त्याचीच मला भीती.

एंटर दाबायच्या आधी हात थांबतात.
आठ बोटांना बाईंनी अक्षरं शिकवली,
अंगठ्याला फक्त रिकामं.
मी अंगठ्याकडं बघून घेतो.